दर मार्चला एसीचा ‘गॅस संपतो’? मग मशीनआधी मेकॅनिक तपासा

तक्रार ठरलेली असते. होळी झाली की एसी पुसून सुरू करायचा. पहिले दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी नुसता पंख्यासारखा वारा. फोन केला की मेकॅनिक येतो, आउटडोअरला दाब मोजायचा गेज लावतो आणि ठरलेलं वाक्य म्हणतो, ‘‘गॅस कम है मॅडम.’’ अर्ध्या तासात गॅस भरून, अडीच-तीन हजार घेऊन तो जातो. खोली गार होते. पुढच्या होळीला पुन्हा तेच.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन उन्हाळे झालं. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, २०१९ साली घेतलेला दीड टनाचा स्प्लिट एसी. तीन वर्षांत तीन वेगवेगळे मेकॅनिक आले, तिघांनी मिळून आठ हजारांच्या आसपास गॅस भरला, आणि ‘आधीचा गेला कुठून?’ हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. सासूबाईंना उकाड्याने झोप नव्हती, मला संध्याकाळपर्यंत खोली गार हवी होती, आणि जो ‘आज येतो’ म्हणेल तो आपला मेकॅनिक, एवढीच माझी निवड. तिघांनीही मी मागितलं ते दिलं. आजच्या आज गारवा मागितला, आजच्यापुरता गारवा मिळाला.

म्हणून ही पोस्ट एसी दुरुस्त कसा करावा याची नाही. तो आपण करूही नये. दुरुस्तीला कोणाला बोलवायचं, फोनवर काय विचारायचं आणि तो काम करत असताना कशाकडे बघायचं, याची आहे.

गॅस संपत नसतो

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तोच तो गॅस बंद नळीत फिरत राहतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये, म्हणजे तांब्याच्या वळणदार नळ्यांत, द्रवाची वाफ होताना खोलीतली उष्णता घेतो, आउटडोअरमध्ये पुन्हा द्रव होताना ती बाहेर टाकतो. घरातला फ्रिजही असाच चालतो. फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरावा लागतो का? आमच्या माहेरचा फ्रिज चौदा वर्षं चालला, त्याला गॅसचं नावही कोणी काढलं नाही.

फरक इथे आहे. फ्रिज कारखान्यातून सीलबंद होऊन येतो. स्प्लिट एसी कारखान्यात अर्धाच बनतो, उरलेला अर्धा तुमच्या गॅलरीत बनतो. तांब्याचा पाइप कापणं, त्याचं टोक फुलासारखं पसरवणं (मेकॅनिक त्याला फ्लेअर म्हणतात), नट आवळणं, आतली हवा काढणं, हे सगळं बसवायला आलेला माणूस करतो, बहुतेक वेळा छज्ज्यावर एक पाय ठेवून. फ्लेअरला बारीक चीर राहिली, नट कमी आवळला गेला किंवा जास्त आवळून चेपला, की गॅस झिरपायला लागतो. तो एका दिवसात जात नाही, सात-आठ महिने घेतो. म्हणून दिवाळीपर्यंत सगळं ठीक आणि मार्चला बोंब.

दुसरं कारण आमच्या भागात फार आहे. इमारतीमागून नाला वाहतो, पलीकडे खाडी. नाल्याचा कुजका वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि तो तांब्याचा वैरी. इनडोअर कॉइलच्या पातळ नळ्या तो कुरतडतो आणि डोळ्यांना न दिसणारी सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. याची घरगुती खूण मला त्या चौथ्या मेकॅनिकने सांगितली, ज्याने शेवटी आमचं काम केलं. देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘ताई, तुमची चांदीची समई किती दिवसांत काळी पडते?’’ मी म्हटलं, दर पंधरवड्याला घासावी लागते. ‘‘मग कॉइलचं पण तेच होतंय.’’ एवढं डोकं लावणारा माणूस मला तीन वर्षांत पहिल्यांदा भेटला होता.

फोन करण्याआधी दहा मिनिटं

कूलिंग कमी झालं म्हणजे गॅसच गेला असं नाही. आधी जाळ्या काढून धुवा. रिमोटवर ‘ड्राय’ किंवा ‘फॅन’ तर लागलेलं नाही ना बघा. हसू नका, मुलांच्या हातात रिमोट असलेल्या घरात हे होतं. मग आउटडोअरचा पंखा फिरतोय का ते खिडकीतून बघा. पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) नुसता घुं घुं करून बंद पडतोय, आणि तुमचं मशीन इन्व्हर्टर नसलेलं, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालवणारं, जुन्या पद्धतीचं आहे, तर बऱ्याचदा त्याला सुरू व्हायला धक्का देणारा कपॅसिटर गेलेला असतो. ते काही शेकड्यांचं काम, त्यासाठी गॅस भरायची गरज नाही. कपॅसिटरला मात्र स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.

मग खोलीचं तापमान मोजायचा एक साधा थर्मामीटर घ्या. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. वरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा, मग खालून येणाऱ्या हवेचं. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय, पावसाळी दमट हवेत फरक थोडा कमी भरतो. मशीन काम करतंय आणि खोली तरी गार होत नसेल, तर दोष खोलीत आहे. त्याकडे पुढे येते.

फरक चार-पाच अंशच भरतोय आणि आउटडोअरला जोडलेल्या बारीक नळीवर बर्फ जमलाय, तर गॅस कमी असण्याची शक्यता खरंच आहे. इनडोअरची जाळी आणि कॉइल मळलेली असली तरीही बर्फ जमतो, म्हणून साफसफाई आधी. आउटडोअरच्या बाजूला जिथे पाइप नटाने जोडलेत तिथे तेलकट, काळपट धूळ चिकटलेली दिसली तर गळती तिथेच आहे असं समजा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं आणि धूळ धरून ठेवतं. मोबाइलने झूम करून फोटो काढा आणि मेकॅनिकला आधीच पाठवा. तो फोटो बघून काय बोलतो, यावरून निम्मा अंदाज येतो.

फोनवर काय विचारायचं

पूर्वी मी विचारायचे, ‘‘गॅसचे किती घ्याल?’’ हा प्रश्नच चुकीचा. गॅसचे किती विचारलं की समोरचा गॅसच विकणार. आता मी विचारते, ‘‘लीकेज शोधायचे किती घ्याल, आणि नायट्रोजन आणाल का?’’ (पाइपात नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधतात, ते पुढे येतं.)

या एका प्रश्नावर अर्धे लोक गळतात. कोणी म्हणतो त्याची गरज नाही, कोणी म्हणतो तसलं कंपनीवालेच करतात, कोणी ‘बघू’ म्हणून फोन ठेवतो. ज्याच्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर आहे तो लगेच म्हणतो, ‘‘हो, पण सिलिंडर वर आणायला लिफ्ट आहे ना?’’ अशा उलट प्रश्नाने जीव भांड्यात पडतो. चांगला मेकॅनिक फोनवर तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. मशीन किती वर्षांचं, गॅस कुठला, आउटडोअर कुठे टांगलंय, मागच्या वेळी कधी भरला, मध्ये कोणी उघडलं होतं का. ‘पत्ता टाका, माणूस पाठवतो’ एवढंच म्हणणारा माणूस पाठवेल, पण कोणाला ते त्यालाही माहीत नसेल.

गॅसचं नाव तुम्हाला ठाऊक हवं. आउटडोअरच्या पत्र्यावर एक स्टिकर असतो, त्यावर आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९० असं लिहिलेलं असतं आणि शेजारी वजन, किलोत किंवा ग्रॅममध्ये. आमच्यावर आर-३२, ७८० ग्रॅम. आर-२२ हा ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली हळूहळू बंद होत आलेला गॅस, तो जुन्या मशीनमध्ये सापडतो. सध्याच्या बऱ्याच घरगुती मशीनमध्ये आर-३२ असतो, आणि तो थोडा ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. या मशीनवर गॅस पूर्ण काढल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च लावणारा माणूस घरात नको. तेव्हा फोनवरच सांगा, ‘‘मशीन आर-३२ चं आहे, तुम्ही यावर काम केलंय का?’’ आणि आल्यावर सिलिंडरवरचं नाव वाचा. एका गॅसच्या मशीनमध्ये दुसरा भरून जाणारे लोक आहेत. त्या वेळी कूलिंग आल्यासारखं वाटतं, कॉम्प्रेसर मात्र त्यात जातो.

काम चालू असताना

चहा करायला आत जाऊ नका, किंवा चहा करून तिथेच उभ्या राहा. मी आता दोन वस्तूंकडे बघते, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा. यातली एक जरी नसेल तर काम सुरूच करू देत नाही.

योग्य क्रम असा. मशीनमधला उरलेला गॅस काढून घ्यायचा. मग नायट्रोजन भरून दाब द्यायचा, आर-३२ ला साधारण ३०० पीएसआय (दाबाचं माप) किंवा मशीनच्या स्टिकरवरच्या मर्यादेत त्याहून जास्त. मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. बुडबुडा दिसला की गळती सापडली. नाही दिसला तर दाब तसाच ठेवून काटा बघायचा. आमच्या मेकॅनिकने गेजच्या काचेवर मार्करने रेघ मारली आणि म्हणाला, ‘‘उद्या सकाळी येतो.’’ मला राग आला होता, एक रात्र आणखी उकाड्यात काढायची! सकाळी काटा रेघेच्या बराच खाली. बाहेरचे चारही जोड कोरडे होते, म्हणजे गळती इनडोअर कॉइलमध्येच. आधीच्या तिघांनी त्या भोकातून बाहेर जाण्यासाठीच आठ हजारांचा गॅस भरला होता.

गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम. पंप लावून पाइपमधली हवा आणि ओल खेचून घ्यायची, निदान वीस-तीस मिनिटं. नीट काम करणाऱ्याकडे आत किती हवा उरली ते दाखवणारा मायक्रॉन गेज असतो आणि तो ५०० मायक्रॉनच्या खाली नेतो. मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं वाट बघतो, काटा परत चढतोय का ते. हाच टप्पा सर्वात जास्त वेळा गाळला जातो. शॉर्टकट असा, की थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलायची. फुस्स आवाज येतो, दोन मिनिटांत काम उरकतं. पण पाइपात राहिलेली ओल आर-३२ आणि आर-४१०ए च्या मशीनमधल्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो. तोवर फुस्स करणाऱ्याचा नंबर तुमच्या मोबाइलमधून गेलेला असतो.

शेवटी गॅस, तोही वजनावर. सिलिंडर काट्यावर ठेवायचा आणि स्टिकरवर आहे तितके ग्रॅम मोजून सोडायचे. पाइप कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती वाढवायचे ते मॅन्युअलमध्ये असतं. ‘‘हात लावून कळतं मॅडम, वीस वर्षं हेच करतोय’’ असं म्हणणाऱ्याच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर गेजचा आकडाही बदलतो. तिथे हातालाही कळत नाही आणि गेजलाही. वजनकाटाच लागतो.

आणखी एक, आणि यावर मी अडून बसते. आउटडोअरला पोचायला छज्ज्यावर उतरावं लागत असेल आणि त्याच्या पिशवीत सेफ्टी बेल्ट नसेल, तर मी त्याला उतरू देत नाही. ‘रोजचंच आहे’ म्हणतात. रोजचं आहे म्हणूनच. गेल्या वर्षी सोसायटीने दोन बेल्ट आणि दोर घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेत, मेकॅनिकने ते घ्यायचे आणि परत द्यायचे. खर्च नगण्य आहे, तुमच्याही सोसायटीत मांडून बघा.

कोणत्या कामाला कोण

‘चांगला एसीवाला सांगा ना’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पडला की पाच नंबर येतात. पाचही चांगले असतील, पण पाचही सगळ्या कामांना चांगले नसतात.

मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीचंच सर्व्हिस सेंटर, कितीही उशीर लावो. बाहेरच्याने उघडलं की वॉरंटीवर वाद होतो. आणि नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या अॅपमधलाच घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरांत बनावट भरपूर असतात. आधी दहा रुपये ऑनलाइन भरा म्हणाला की फोन ठेवून द्या. ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी’ याचा अर्थही नीट वाचा. बहुतेक वेळा ती फक्त कॉम्प्रेसर या वस्तूची असते. तो बसवायची मजुरी, गॅस, ने-आण हे वेगळं, आणि कॉइल तर अनेकदा एका वर्षातच वॉरंटीबाहेर पडते.

वर्षातून एकदाची धुलाई, म्हणजे जेट पंपाची सर्व्हिस, अॅपवरून मागवलेल्या माणसाकडून करायला माझी हरकत नाही. दर ठरलेला, वेळ ठरलेली, पावती येते. एवढंच बघा की तो आम्ल मारून कॉइल ‘चकाचक’ करत नाही, त्याने अॅल्युमिनियमच्या पात्या आणि तांबं दोन्ही खराब होतं. पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला अॅप उपयोगाचं नाही, कारण दरवेळी माणूस नवा. मागच्याने काय केलं ते त्याला ठाऊक नसतं. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्याची पहिली पायरी ‘गॅस कम है’.

अशा दुखण्याला गल्लीतला दुकान असलेला मेकॅनिकच बरा, असं माझं मत तीन वर्षांच्या फेऱ्यांनंतर झालंय. दुकान असलं की तो पळून जात नाही. तुमचं मशीन त्याच्या लक्षात राहतं. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला असेल तर उत्तम, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं बघा. नसेल तरी चालेल, पण हत्यारं हवीत. या लोकांची अडचण म्हणजे पावती. वहीच्या कागदावर ‘एसी काम ३५००’ एवढंच लिहून देतात. त्यावर काय केलं, कुठला गॅस, किती ग्रॅम, कुठला भाग बदलला आणि किती महिन्यांची हमी, हे लिहून घ्यायचं. आमचा मेकॅनिक आधी नाराज झाला. मीच बिल लिहिलं, त्याने सही केली. आता तो स्वतःच लिहितो.

आणि वेळ. मे महिन्यात त्याच माणसाला दिवसाला दहा-बारा घरं असतात. अर्धा तास व्हॅक्यूम आणि रात्रभर नायट्रोजन त्याला परवडतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बोलावलं तर तोच माणूस निवांत बसून काम करतो, पैसेही थोडे कमी घेतो. संक्रांतीच्या सुमारास एसी एकदा अर्धा तास चालवून बघायचा, ही सवय आम्ही लावून घेतलीय.

मशीन ठीक, खोली गरम

आता ते दुसरं प्रकरण, माझ्या दिरांचं, नागपूरचं. शेवटचा मजला, पश्चिमेची भिंत, एक टनाचा नवा एसी. पहिल्याच मे महिन्यात खोली ३० अंशांखाली येईना. दोन मेकॅनिकांनी गॅस भरला. खरं तर दुसऱ्याने पहिल्याचा जास्तीचा गॅस काढून पुन्हा भरला.

तिसऱ्या ठेकेदाराने गेज बाहेरच काढला नाही. आधी भिंतीवर तळहात ठेवला, मग छताकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘वर गच्चीच आहे का भाऊ?’’ टेप काढून खोली मोजली, खिडक्या मोजल्या, रात्री किती जण झोपतात ते विचारलं. मग हिशेब मांडून दिला. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप), जवळपास साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. ती मोजतात बाहेर ३५ अंश धरून. नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५. मशीनची ताकद तिथे घटते, आणि भाजलेल्या स्लॅबमुळे खोलीचा भार नेमका तेव्हाच वाढतो. त्यात आउटडोअर गच्चीवर, पश्चिमेच्या उन्हात, भिंतीला टेकवून बसवलेलं. स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत होतं.

त्याने एसी विकला नाही. आउटडोअर पूर्वेच्या सावलीत हलवलं, गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारायला सांगितला आणि म्हणाला, या वर्षी बघा, नाही भागलं तर पुढच्या वर्षी दीड टन. मे महिन्यात दुपारी २७ अंश मिळायला लागले, दिरांनी तिथेच समाधान मानलं. (त्यांच्या बैठकीत अजून कूलरच आहे, आणि कोरड्या हवेत तो एसीला हार जात नाही असं ते छातीठोकपणे सांगतात. ठाण्याच्या दमट हवेत हे बोलून दाखवावं.)

नवा एसी घेताना, किंवा ‘कूलिंग कमी’ची तक्रार पहिल्या दिवसापासूनच असेल तर, गेजआधी टेप काढणारा माणूस निवडा.

नव्या घराचं काम असेल तर

इंटिरियर करताना तांब्याचे पाइप भिंतीत गाडतात आणि वर पीओपी चढवतात. दिसायला छान. पण त्या भिंतीत जोड असेल आणि तो गळला, तर पाइप बदलायला भिंत फोडावी लागते. इंटिरियरवाल्याचा एसीवाला हा बहुतेक वेळा सर्वात स्वस्त कोटेशनचा असतो, आणि दोष निघतो तेव्हा दोघंही दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. त्याला तीन गोष्टी आधी लिहून मागा. भिंतीत एकही जोड नको, अखंड पाइप. प्लास्टर करण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन निदान २४ तास ठेवायचा आणि गेजचा सुरुवातीचा व शेवटचा फोटो पाठवायचा. आणि पाण्याच्या ड्रेन पाइपला उतार द्यायचा, बादलीभर पाणी ओतून दाखवायचं. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बेडवर एसीचं पाणी गळतं तेव्हा कारण अनेकदा हाच सपाट ड्रेन असतो.

एएमसीबद्दल, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराबद्दल, थोडक्यात. दोन प्रकार असतात, एकात सुटे भाग आणि गॅस धरलेला असतो, दुसऱ्यात फक्त मजुरी. विकताना दोन्हींना एएमसीच म्हणतात. कागदावर ‘गॅस’, ‘कॉइल’ आणि ‘पीसीबी’ (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) हे तीन शब्द शोधा. ते कोणत्या यादीत आहेत ते बघूनच पैसे भरा.

काम फसलं आणि समोरचा दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण तिथे पहिला प्रश्न ‘पावती आहे का’ हाच येतो, म्हणून वर त्या कागदाचं एवढं लावून धरलं.

आमच्या मशीनचं पुढे काय झालं ते सांगते. मेकॅनिकने दोन पर्याय दिले, कॉइलचं भोक वेल्डिंगने बुजवायचं किंवा कॉइलच बदलायची. बुजवलं तर स्वस्त, ‘‘पण ताई, एक भोक पडलंय म्हणजे दुसरं पडणारच, मी हमी नाही देणार.’’ आम्ही नवी कॉइल घातली, पात्यांबरोबर तांब्याच्या नळ्यांवरही लेप असलेली. नुसता पात्यांवरचा निळा लेप नळ्या वाचवत नाही, हे त्यानेच सांगितलं. पैसे तीन वर्षांच्या गॅसपेक्षा थोडे जास्तच गेले. नाला आहे तिथेच आहे, ही कॉइलही कधीतरी जाईल, ते त्याने आधीच सांगून ठेवलंय. त्यानंतरचे दोन उन्हाळे गॅस भरलेला नाही. आउटडोअरच्या पत्र्यावर आतल्या बाजूने मार्करने लिहिलंय, आर-३२, ७८० ग्रॅम, तारीख, आणि त्याच्या दुकानाचा नंबर. पुढच्या वेळी कोणीही आलं तरी गेज लावण्याआधी त्याला मी ते वाचायला लावणार आहे.